पार्किन्सन्समध्ये अंगातून निघणाऱ्या वाफा आणि घामाच्या धारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ह्यांना पार्किन्सन्स होऊन तेरा वर्षं झाली. हाताला कंप सुटेल, हालचाली मंदावतील, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतील, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. घामाबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. म्हणून ऐन डिसेंबरात एका रात्री दोन वाजता ह्यांचं बनियन पिळून काढण्याइतकं भिजलेलं पाहिलं, तेव्हा मला वाटलं हार्ट अॅटॅकच आला. त्या रात्री मला जे माहीत नव्हतं, ते इथे लिहिते आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मी डॉक्टर नाही, शुभंकर आहे. गोळ्यांमधला कोणताही बदल तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच करायचा, एवढं धरून पुढचं वाचा.

पार्किन्सन्स तर हातापायांचा आजार. त्याचा घामाशी काय संबंध?

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून ‘कंपवात’ म्हटलं की कंपच डोळ्यांसमोर येतो. पण मेंदूत डोपामिन (हालचाली सांभाळणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात तेवढाच हा आजार नाही. शरीरातली जी कामं आपल्या नकळत चालतात, म्हणजे रक्तदाब सांभाळणं, आतडी हलवणं, लघवी धरणं, घाम सोडणं, ती चालवणारी एक वेगळी मज्जासंस्था असते. पार्किन्सन्समध्ये तिलाही इजा होते. शरीराचं तापमान किती ठेवायचं हे ठरवणारा हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूतला छोटा भागही या आजारातून पूर्ण सुटत नाही. त्यामुळे बाहेर गारठा असताना शरीराला वाटतं आपण तापलोय, आणि ते घामाचे नळ सोडून देतं.

हे क्वचित कोणाला होतं असंही नाही. लंडनच्या डॉक्टरांची एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पार्किन्सन्सच्या ६४ टक्के रुग्णांनी घामाची काही ना काही तक्रार सांगितली. आजार नसलेल्यांत हे प्रमाण १२.५ टक्के होतं.

‘अंगातून वाफा येतात’ म्हणतात, पण हात लावला तर अंग गार. मनाचे खेळ आहेत का?

अजिबात नाहीत. हे ‘पेटलोय, पेटलोय’ म्हणत शर्टाची बटणं ओढायचे. मी थर्मामीटर लावायची, तर पारा ९७.८ वर. सुरुवातीला मीही म्हणायचे, ‘अहो, ताप नाहीये, उगाच घाबरताय.’ ते वाक्य आज मला परत घ्यावंसं वाटतं. छातीपासून वर चढत जाणारी, मान, चेहरा, टाळू पेटवणारी ही आग त्यांना खरोखर जाणवत असते. मेंदूकडून येणारा उष्णतेचा संदेशच चुकीचा असतो. पाठोपाठ घाम फुटतो, तो बहुतेक डोकं, मान, छाती आणि पाठीवर. तळहात-तळपाय त्याच वेळी कोरडे असू शकतात. घाम ओसरला की ओल्या कपड्यात हुडहुडी भरते. हा सगळा प्रकार दहा मिनिटांतही संपतो आणि कधी तास-तास चालतो.

घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘उष्णता वाढलीय, सब्जा द्या, गुलकंद द्या.’ द्यायला हरकत नाही. पण ही उष्णता खाण्यापिण्यातून आलेली नाही, त्यामुळे तेवढ्याने ती जाणारही नाही.

घाम नेमका कधी येतो याला काही धरबंद आहे का?

आहे, आणि मला या सगळ्यात कळलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. बऱ्याच जणांचा घाम गोळीच्या घड्याळावर चालतो.

लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, मेंदूत त्याचं डोपामिन होतं. त्याची गोळी घेतली की काही वेळाने ती ‘चढते’, माणूस मोकळा होतो. मग ती ‘उतरते’. आजार जुना होत जातो तसा हा मोकळा वेळ आखूड होतो, आणि पुढची गोळी यायच्या आत माणूस ‘ऑफ’मध्ये जातो. ऑफ म्हणजे फक्त ताठरपणा आणि कंप नव्हे. जीव घाबरा होणं, पोटात कालवणं, अंग दुखणं आणि घामाच्या धारा हीही ऑफचीच रूपं आहेत. काहींना तर हातपाय आखडायच्या आधी घामच सांगतो की गोळी उतरतेय.

दुसरा प्रकार याच्या उलट. गोळी पूर्ण चढलेली असताना अंगाला नको तेवढे झोके बसतात, मान-खांदे आपोआप वळवळत राहतात. डॉक्टर याला डिस्कायनेशिया म्हणतात. त्या हालचालींची मेहनत शरीराला होते आणि घामाने माणूस निथळतो.

दोन्हीत घाम सारखाच दिसतो, पण उपाय उलटे आहेत. एकात औषध कमी पडतंय, दुसऱ्यात बहुधा जास्त होतंय. डॉक्टरांच्या खोलीत शिरून ‘खूप घाम येतो हो’ एवढंच सांगितलं, तर त्यांना यातलं काहीच कळत नाही. ‘गोळीनंतर किती वेळाने, आणि तेव्हा अंग आखडलेलं असतं की वळवळत असतं’ हे सांगितलं, तर निम्मं काम झालं.

मग हे टिपून कसं ठेवायचं?

शाळेची शंभर पानी वही पुरे. आमच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं उतरवते:

सकाळी ७, गोळी. ७.४०, हात सैल, पेपर वाचला.
१०.३०, बोटं आखडली, मानेवर घाम.
११, गोळी. ११.४५, घाम थांबला, शर्ट बदलला.
२.३०, पुन्हा घाम, बोलणं पुटपुटल्यासारखं.
३, गोळी.
६.२०, पाय जड, वाफा. ताप नाही.
७, गोळी. जेवण ८ ला.
१०.३०, झोपतानाची गोळी.
रात्री २, बनियन आणि उशी ओली. कूस बदलता येईना.

हे पान मी आठ दिवस रोज लिहिलं आणि न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवलं. त्यांनी पेन्सिलीने फक्त घामाच्या वेळांभोवती गोल काढले. प्रत्येक गोल आधीच्या गोळीनंतर साडेतीन तासांच्या आसपास पडत होता. मी आठ दिवस लिहीत होते, पण मला ते दिसलं नव्हतं.

रोज आयुष्यभर लिहायची गरज नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा एक आठवडा पुरतो. लिहिताना जेवणाची वेळही घाला, कारण डाळ, पनीर, अंडी, मटण अशा प्रथिनांच्या भरगच्च जेवणासोबत घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही आणि मग ‘आज विनाकारण घाम आला’ असं वाटतं. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तर बहुतेकांना बरं पडतं.

डॉक्टर यावर काय करू शकतात?

ऑफमधला घाम असेल तर दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करणं, लेव्होडोपाचा परिणाम लांबवणारी एन्टाकॅपोनसारखी गोळी जोडणं, रात्रीसाठी हळूहळू विरघळणारी गोळी देणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. आमच्याकडे दिवसाचं अंतर तीन तासांवर आणलं, प्रत्येक वेळची मात्रा थोडी कमी केली आणि रात्रीची गोळी बदलली. घाम पूर्ण गेला नाही. पण पूर्वी रात्रीत तीनदा बनियन बदलायचो ते एकदावर आलं, आणि कित्येक रात्री कोरड्या जातात.

डिस्कायनेशियातला घाम असेल तर एका वेळची मात्रा घटवतात किंवा ही वळवळ कमी करणाऱ्या अमान्टाडिन या औषधाचा विचार करतात. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रिया ज्यांची इतर कारणांसाठी होते, त्यांच्यातल्या अनेकांचा ऑफमधला घामही कमी होतो. फक्त घामासाठी मात्र ती शस्त्रक्रिया कोणी करत नाही.

काखेत फार घाम असेल तर अॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन मिळतं. ते रात्री अगदी कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचं. थोडी आग होते. बोटॉक्सची इंजेक्शनं काखेतला घाम काही महिने थांबवतात, पण ती महाग आहेत, आणि सगळ्या पाठीला, छातीला घाम फुटत असेल तर त्यांचा उपयोग नाही. घाम आटवणाऱ्या गोळ्याही असतात. वयस्कर शुभार्थींना त्या देताना डॉक्टर हात आखडता घेतात, आणि ते बरोबरच आहे. त्या गोळ्यांनी भ्रम होऊ शकतो, लघवी अडते, आणि मुळातला बद्धकोष्ठ आणखी वाढतो.

गोळ्यांमुळेच घाम येतोय असं वाटतं. चार दिवस बंद करून पाहू का?

नाही. कृपा करून नाही.

लेव्होडोपा किंवा पार्किन्सन्सची इतर औषधं एकाएकी थांबवली, तर काही जणांना तीव्र ताप चढतो, अंग लाकडासारखं ताठ होतं, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. स्नायू मोडून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे जिवावर बेततं आणि त्याला आयसीयूच लागतो. गोळ्या संपल्या, दुकान बंद होतं, उपास होता, पोट बिघडलं म्हणून नको वाटल्या, अशा साध्या कारणांनीही हे होऊ शकतं. घरात किमान दहा दिवसांचा साठा ठेवाच.

हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायची वेळ आली तर विशेष जपा. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डात गोळ्या वॉर्डाच्या वेळांना दिल्या जात होत्या: सकाळी, दुपारी, रात्री. सिस्टर चांगल्या होत्या, पण ‘थोडं पुढे-मागे झालं तर काय होतं’ असं त्यांना मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चादर बदलावी लागली इतका घाम, आणि हे पलंगावर ताठ. मी न्यूरॉलॉजिस्टना फोन लावून सिस्टरांच्या कानाला दिला. तेव्हापासून गोळ्यांच्या वेळांचा मोठ्या अक्षरातला कागद मी फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवते, आणि ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तेव्हा गोळीचं काय करायचं हे आधीच लिहून घेते.

मला स्वतःला पार्किन्सन्स आहे. वय ४८, पाळीही अनियमित झालीय. वाफा कशाच्या?

दोन्हीच्या असू शकतात. पाळी जाताना येणाऱ्या वाफा गोळीची वेळ बघत नाहीत. त्या कधीही येतात, काही मिनिटांत चढून उतरतात, आणि त्या वेळी हातपाय आखडलेले असतीलच असं नाही. इथेही वहीच कामाला येते. गोळी छान चढलेली असताना, अंग मोकळं असताना वाफा येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पार्किन्सन्सच्या गोळ्यांची यादी सोबत न्या. एका ताईंनी सांगितलं, त्यांना दोन वर्षं घरचे ‘वयाचं आहे, होणारच’ म्हणत राहिले, आणि त्यातला निम्मा घाम ऑफचा होता. पाळीचं नाव सांगून बाईच्या तक्रारी मोडीत काढायची सवय आपल्याकडे फार आहे. तुम्ही ती चालवून घेऊ नका.

पार्किन्सन्स सोडून दुसरं काही असू शकतं का?

नक्कीच, आणि ते बघितल्याशिवाय सगळं पार्किन्सन्सच्या माथी मारू नये. थायरॉइड वाढला तर घाम येतो, वजन उतरतं, छातीत धडधडतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरल्यावर दरदरून घाम फुटतो. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर काढा. रोज संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, खोकला, वजन कमी होणं असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. लघवीचा संसर्ग शुभार्थींमध्ये वारंवार होतो, आणि त्यात थंडी-तापासोबत घाम येतो. नैराश्यासाठीच्या सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळ्या आणि दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल यांनीही घाम वाढतो. रसाजिलिन किंवा सेलेजिलिन या पार्किन्सन्सच्याच गोळ्या चालू असताना तर ट्रॅमाडॉल आणि काही खोकल्याची औषधं धोक्याची ठरतात. म्हणून केमिस्टकडून परस्पर काही आणू नका.

घामाचे डाग तपकिरी पडतात. रक्त तर नाही?

लेव्होडोपाने घाम, थुंकी आणि लघवी गडद होऊ शकते. एन्टाकॅपोनने लघवी तांबूस-नारिंगी होते. निरुपद्रवी आहे. पांढरे सदरे खराब होतात एवढंच. पण लघवी करताना जळजळ असेल किंवा खरंच लाल दिसत असेल, तर तपासून घ्या.

रात्री अंथरूण ओलं होतं. दोघांचीही झोप जाते.

आमची व्यवस्था सांगते, पटेल ते घ्या. गादीवर रबरी शीट अंथरली होती, तर त्याने पाठ आणखी तापायची. ती काढली आणि जुन्या सुती साड्यांची दोन पदरी गोधडी घातली. ती घाम पिते आणि वाळतेही लवकर. गोधडीवर सुती चादर, आणि छाती-पाठीच्या जागी एक आडवा पंचा. भिजला की फक्त पंचा ओढून काढायचा आणि दुसरा सरकवायचा. संपूर्ण अंथरूण बदलायला ह्यांना उठवावं लागत नाही. उशाशी स्टुलावर एक कोरडं बनियन, एक पंचा, झाकणाचं पाणी आणि बॅटरी तयार असते.

बनियनऐवजी पुढून उघडणारी सुती बंडी शिवून घेतली. डोक्यावरून ओला कपडा काढणं हे आखडलेल्या खांद्यांना फार छळतं, आणि मध्यरात्री तर दोघांनाही. बटणांच्या जागी वेल्क्रो लावा.

सॅटिनचे आणि पॉलिएस्टरचे गुळगुळीत पायजमे कूस वळायला बरे पडतात असं काही थेरपिस्ट सांगतात, आणि ते खरंही आहे. पण घाम जास्त असेल तर ते अंगाला चिकटतात. आम्ही तडजोड केली: वर सुती बंडी, कमरेखाली घसरेल असा कपडा.

झोपताना जड जेवण, चहा-कॉफी, दारू टाळा. आणि रात्रीचा घामही ‘गोळी उतरली’चा निरोप असू शकतो हे डॉक्टरांना पुन्हा सांगा.

उन्हाळ्यात काय करावं? कूलर की एसी?

जागतिक पार्किन्सन्स दिन ११ एप्रिलला येतो, जेम्स पार्किन्सनच्या वाढदिवशी. आपल्याकडे नेमकं तेव्हाच ऊन तापलेलं असतं, आणि घामाचे प्रश्न मी तेव्हाच सर्वांत जास्त ऐकते.

घाम शरीराला गार करतो तो वाळताना. माझी मुलगी नागपुरात आहे. तिथल्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर उत्तम चालतो. माझं माहेर चिपळूणचं. तिथे किंवा मुंबईत कूलर लावला तर खोली आणखी दमट होते, घाम वाळतच नाही आणि शुभार्थी जास्त कासावीस होतो. दमट गावात पंखा, समोरासमोरच्या खिडक्या, आणि परवडत असेल तर २६ च्या आसपास ठेवलेला एसी. एसी १८ वर नेऊ नका. घामाने भिजलेल्या अंगाला थंडी भरते आणि थंडीने ताठरपणा वाढतो.

वाफ चढायला लागली की ओला पंचा मानेमागे आणि मनगटांवर, पाय साध्या पाण्याच्या परातीत. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नका. बाहेर जायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं कलल्यावर. सुट्या काढलेल्या गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवू नका, घामाने दमट होतात. झाकणाची छोटी डबी वापरा.

आमच्या बाबांना उलट घामच येत नाही. मग बरंच ना?

हे मला जास्त काळजीचं वाटतं. घामाची यंत्रणा बिघडते तेव्हा ती दोन्हीकडे बिघडू शकते. काहींचा घाम कमी होतो. त्यातून कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल (पॅसिटेन या नावाने ती गोळी घरोघरी माहीत आहे), तर ती घाम आणखी आटवते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात अशा माणसाला उष्माघात पटकन होतो. बाबांना पंख्याशिवाय बसवू नका, दुपारी ओल्या पंचाने अंग पुसा, आणि उन्हाळ्याआधी ही गोळी चालू ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून ती एकदम थांबवू नका.

पाणी किती आणि काय प्यायला द्यावं?

घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं. पार्किन्सन्समध्ये आधीच उभं राहिल्यावर रक्तदाब उतरायची खोड असते. घामाने ती बळावते आणि माणूस मोरीत चक्कर येऊन पडतो. आठवड्यातून एकदा तरी रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी, असा दोनदा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा.

हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल, तर पाण्याचा घोट दर तासाला द्यावा, तहानेची वाट बघू नये. लिंबू सरबत मीठ-साखर घालून, कोकम सरबत, पन्हं, भाताची पेज, पातळ ताक, सगळं चालतं. फार घाम गेला असेल तर ओआरएस, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर मीठ वाढवण्याआधी विचारा. आणि पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर गप्प बसू नका. गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, चमच्याचमच्याने द्या.

झणझणीत मिसळ, ठेचा आणि वाफाळता चहा हे काहींचे हमखास घाम फोडणारे पदार्थ. ह्यांचं ठेच्यावर प्रेम आहे. गोळी चांगली चढलेली असते त्या वेळी मी थोडासा देते. सगळंच बंद करून माणसाची जेवणातली गोडी घालवण्यात अर्थ नाही.

खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण घेतलं तर?

खाजकुहिली, म्हणजे कवचबीज, हिच्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतो, आणि आयुर्वेदात कंपवातासाठी ती पूर्वापार वापरली जाते. म्हणूनच ती निरुपद्रवी समजू नका. गोळ्यांच्या जोडीला ती घेणं म्हणजे लेव्होडोपाची मात्रा अंदाजपंचे वाढवणं. घाम कमी व्हायच्या ऐवजी डिस्कायनेशिया आणि मळमळ वाढू शकते. वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही सांगूनच काय ते ठरवा.

त्वचेची काळजी?

आंघोळ कोमट पाण्याची, स्टुलावर बसून. काखा, जांघा, मानेच्या वळ्या कोरड्या टिपून घ्या. घामोळ्या आणि नायटा लवकर होतो. नायट्यावर दुकानातून मिश्र स्टेरॉइडची मलमं आणून लावू नका, तो पसरतो.

लोकांत जायला नको म्हणतात. लाज वाटते.

ह्यांनी दोन वर्षं लग्नकार्यं टाळली. चेहऱ्यावरून घाम ओघळतोय आणि रुमाल खिशातून काढायला हात साथ देत नाही, हे लोकांसमोर होणं त्यांना सहन होत नव्हतं. मी आता गोळीच्या वेळा बघून जायची वेळ ठरवते. मुहूर्ताला नाही पोचलो तर जेवणाला पोचतो. गडद रंगाचा, बारीक छापाचा सुती कुडता घालतो, त्यावर घाम दिसत नाही. पिशवीत दुसरा कुडता असतो. खुर्ची पंख्याजवळची मागून घ्या. यजमानांना एक वाक्य सांगितलं की पुरतं: ‘ह्यांना आजारामुळे घाम येतो, काळजी करू नका.’ चिंतेने ऑफमधला घाम वाढतो, आणि हे वाक्य सांगून झालं की कित्येकदा तो कमीच येतो.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

घामासोबत छातीत कळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, श्वास लागणं. ताप १०१ च्या वर आणि अंग नेहमीपेक्षा जास्त ताठ. असंबद्ध बोलणं, शुद्ध हरपणं. उन्हात अंग भाजण्याइतकं तापलं आणि माणूस गोंधळला. साखर ७० च्या खाली आणि गोड देऊनही पंधरा मिनिटांत चढत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. यांतलं काहीही असेल तर वही-बिही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. गोळ्यांची यादी सोबत घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता दिली ते सांगा.

रात्री दोनदा उठून मीच आजारी पडेन असं वाटतं.

मलाही वाटायचं, आणि एकदा तापाने पडलेही. तेव्हा मुलगा आठ दिवस रात्री ह्यांच्या खोलीत झोपला. पहिल्या दोन रात्री त्याला पंचा कुठे आहे तेही सापडेना. तिसऱ्या रात्री मी जागीच होते, भिंतीपलीकडून ऐकत. स्टूल सरकल्याचा आवाज आला, वेल्क्रो सुटल्याचा आवाज आला, मग मुलगा म्हणाला, ‘बाबा, हात वर, झालं, झालं.’ पाचेक मिनिटांत दिवा बंद झाला. आता शनिवार-रविवारच्या रात्री त्याच्या असतात.